पहिल्याच वेळी हो

व्हर्लिन ट्वाइटचा पंप थांबत नव्हता आणि शेजारच्या आर्विड सुंडेटचा पंप थांबत होता. व्हर्लिनचं सगळं दुःख एवढ्यात मावत होतं.

घडीच्या कॅम्परमधला, गाडीमागे ओढायच्या त्या ताडपत्री खोलीतला, पाण्याचा पंप म्हणजे बाकाखाली बसवलेलं वीतभर यंत्र. नळ उघडला की ते घुरघुरतं, नळ बंद केला की पाइपात दाब भरतो आणि ते गप्प बसतं. ते गप्प बसलं की संसार सुरळीत चालला आहे असं समजावं. व्हर्लिनचा पंप शुक्रवार दुपारपासून घुरघुरत होता. नळ उघडा ठेवला तरी आणि बंद केला तरी. नळातून काय आलं म्हणाल तर एक ढेकर, आणि त्यामागून तीन-चार गुलाबी थेंब. पाइप हिवाळ्यात फुटू नयेत म्हणून त्यांत जे गुलाबी औषध भरतात, त्यातले ते उरलेले. त्यानंतर नुसती हवा.

टाकी भरलेली होती. त्याने स्वतः सामाईक नळावरून निळ्या कॅनने चार खेपा करून भरली होती, आणि चारही खेपांना पंधरा नंबरच्या जागेवरून जावं लागलं होतं. पंधरा नंबरवर आर्विडचा कॅम्पर उभा असे. कंपनी तीच, वर्षही तेच. फक्त आर्विडच्या कॅम्परचं ताडपत्री कापड अजून पांढरं होतं, आणि छत वर करताना त्याचा हँडल कुरकुरत नसे.

बेंट पाइन तळ्याकाठी चौदा नंबरची जागा व्हर्लिन आणि मार्लिसची होती. बावीस वर्षं, दरवर्षी, मे महिन्याच्या अखेरच्या सुट्टीपासून उन्हाळ्यातल्या प्रत्येक सुट्टीला. पंधरा नंबरवर तीन वर्षांपूर्वी आर्विड आला. शाळांच्या इमारतींत नळदुरुस्ती करून निवृत्त झालेला, विधुर, उंच, आणि मिनेसोटात सुद्धा लोकांच्या लक्षात यावं इतका कमी बोलणारा. पहिल्याच उन्हाळ्यात त्याने अकरा जणांचे नळ दुरुस्त केले. तोपर्यंत तळ्याकाठी कुणाचं काही बिघडलं तर लोक व्हर्लिनकडे येत. दुरुस्त होई असं नाही, पण येत.

व्हर्लिनने एकतीस वर्षं गाडी चालवण्याच्या परवान्याची परीक्षा घेतली होती. शेजारी बसून, मांडीवर कागद अडकवायची पाटी ठेवून, घाबरलेल्या माणसांच्या चुका टिपत. ती पाटी निवृत्तीनंतरही त्याच्याकडे होती आणि आत्ता तिच्यावर एक यादी लावलेली होती: ‘पाणी न आल्यास’. दोन हजार चार साली त्याने स्वतः तयार केलेली. क्रमांक एक, बॅटरी. क्रमांक दोन, फ्यूज. क्रमांक तीन, स्विचच्या तारा. शनिवारी सकाळी दहा वाजता तो तिसऱ्यांदा क्रमांक तीनवर होता.

“बाकाखाली डाव्या कोपऱ्यात बघितलंस का?” मार्लिसने विचारलं. ती बाहेरच्या टेबलावर ऱ्हुबार्बच्या वड्या कापत होती. तिच्या परसातली आंबट लालसर देठं, साखर आणि लोणी, एवढ्यावर तिचं तळ्याकाठी नाव होतं.

“बाकाखालचं सातव्या क्रमांकावर आहे.”

“मग सातपासून सुरू कर.”

“यादी अशी नसते, मार्लिस.”

“कशी असते?”

“क्रमाने.”

“पंप तर फिरतोय ना रे? मग बॅटरी काय तपासतोस? तारा काय तपासतोस? तुझ्या यादीला ऐकू येत नाही का?”

हा मुद्दा बिनतोड होता, आणि बिनतोड मुद्द्यांना तो कधीच उत्तर देत नसे.

बारा नंबरवरची डोरीन टॉवेल खांद्यावर टाकून चालली होती. घुरघुर ऐकून थांबली. “अजून तेच? अहो, आर्विडना विचारलं का?”

“बघतोय मी,” व्हर्लिन म्हणाला.

“त्यांनी आमचा पाच मिनिटांत केला. तीन मिनिटं तर हात धुण्यात गेली त्यांची.”

“बघतोय म्हटलं ना.”

“बघा हो बघा,” डोरीन म्हणाली आणि गेली. दहा पावलांवर जाऊन हसली. लोकांना वाटतं दहा पावलांवरून ऐकू येत नाही.

आर्विडने विचारलं नव्हतं असं नाही. शुक्रवारीच तो हद्दीवरच्या लाकडापाशी येऊन उभा राहिला होता. “पाण्याचं काही आहे का? बघू का मी?”

“नको नको,” व्हर्लिन म्हणाला होता. “तुम्ही कशाला त्रास घेता.”

शनिवारी सकाळी तो पुन्हा आला. “मोकळाच आहे मी. सहज नजर टाकतो.”

“छे छे. होईल ते. तुम्ही आपले बसा निवांत.”

इथे व्हर्लिनने काही चूक केली नव्हती. त्या मुलखात कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, जरा हळू. तिसऱ्यांदा समोरच्याने विचारलं की सुस्कारा टाकून ‘बरं, तुम्ही इतकं म्हणताच आहात तर’ असं म्हणून घ्यायचं. कॉफी असो, वडीचा शेवटचा तुकडा असो, की बर्फात अडकलेली गाडी ढकलणं असो. पहिला प्रश्न रीत म्हणून, दुसरा मन राखायला, तिसरा खरा. हे कुणी कुणाला शिकवत नाही. ज्याला येत नाही तो बाहेरचा.

तेव्हा आता तिसरा प्रश्न यायचा होता. व्हर्लिनची तयारी झाली होती. मदत पाहिजे होती असं नव्हतं; आर्विड आपल्या बाकाखाली हात घालतोय ही कल्पनाच त्याला नको होती. पण तिसरा प्रश्न आला असता तर मदत मागितली असं झालं नसतं, उपकार करू दिला असं झालं असतं. त्याने दाराशी खुर्ची टाकली. पाटी मांडीवर घेतली. पंप चालू ठेवला, म्हणजे पंधरा नंबरपर्यंत ऐकू जाईल.

साडेदहाला आर्विड गळ घेऊन समोरून गेला.

“वारा फिरला,” आर्विड म्हणाला.

“फिरला खरा,” व्हर्लिन म्हणाला. घुरघुरीमुळे त्याला जरा मोठ्याने म्हणावं लागलं.

आर्विड थांबला. त्याने कॅम्परकडे पाहिलं. मग बुटांकडे पाहिलं. व्हर्लिनने सुस्कारा तयार ठेवला.

“मासे आज खोल असतील,” आर्विड म्हणाला आणि गेला.

तयार ठेवलेला सुस्कारा कुठे ठेवावा हे व्हर्लिनला कळेना. दोन वेळा विचारून तिसऱ्या वेळी गप्प बसणारा माणूस त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. याला उद्धटपणा म्हणायचं की काय म्हणायचं? आणि असल्या माणसाला मार्लिस दर सुट्टीला वड्या पाठवते. काचेच्या आयताकृती भांड्यातून. भांड्याच्या तळाला कागदी चिकटपट्टी आणि तिच्यावर ‘ट्वाइट’. ते भांडं गेल्या तीन वर्षांत कितीदा पलीकडे गेलं याचा हिशेब कुणी विचारला असता तर व्हर्लिनने सांगितला नसता. सतरा वेळा. आणि सतराही वेळा ते भरून परत आलं होतं, कारण मोकळं भांडं परत करायचं नसतं. धुरी दिलेला मासा. लोणच्याची काकडी. एकदा नुसती रानटी ब्ल्यूबेरी, हाताने वेचलेली. एवढं भांडं भरायला किती तास लागतात याचा व्हर्लिनने विचार केला होता. बराच केला होता.

अकरा वाजता मार्लिसने सकाळच्या खरकट्या बशा प्लॅस्टिकच्या टबात भरल्या.

“कुठे?”

“बशा विसळायला. डिंक झालाय अंड्याचा.”

“सामाईक नळावर?”

“तिथे थंड पाणी आहे. आर्विडकडे सिंक आहे, पाणी आहे, आणि माणूस तळ्यावर आहे. मला परवानगी आहे.”

“कुणाची परवानगी?”

“अरे, त्यांची. अजून कुणाची?” ती टब कमरेवर घेऊन वळली. “डावा कोपरा, व्हर्लिन.”

तो खुर्चीत बसून राहिला. माणूस तळ्यावर आहे म्हणाली. पण दहाच मिनिटांत माणूस तळ्यावरून परतला, कारण मासे खोल होते. व्हर्लिनला झाडांमधून त्याची टोपी दिसली, मग जाळीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग आर्विड काहीतरी म्हणाला. आर्विड. जो दिवसाला नऊ वाक्यं बोलतो. आणि मार्लिस हसली. नेहमीचं हसणं नव्हे. नाकातून फुस्स करून सुरू होणारं, जे शेवटचं कधी ऐकलं हे सांगायला व्हर्लिनला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कोण होते ते आठवावं लागलं असतं.

आणि मग पंप. घुर्र, आणि बंद. घुर्र, आणि बंद. एकेक बशी. दर वेळी तो बंद होई तेव्हा पलीकडे एक समाधानी शांतता पसरे, आणि त्या शांततेत व्हर्लिनचा स्वतःचा पंप अधिकच मोठ्याने ऐकू येई.

तो उठला. पाटी गवतात फेकली. क्रमांक चार, पाच आणि सहा ओलांडून तो थेट सातवर गेला. बाकावरची गादी काढली, फळी उचलली, आणि खालचं सामान दोन्ही हातांनी बाहेर भिरकावलं. पावसाळी बूट. पत्त्यांचे तीन कॅट. मार्लिसचं फुग्यासारखं लाइफ जॅकेट. टाकीच्या डाव्या अंगाला पंप थरथरत होता, आणि पंपाच्या मागे, अगदी कोपऱ्यात, एक पितळी तोटी होती.

ही तोटी त्याची नव्हती.

तो पोटावर झोपला. टाकीचा पाइप तोटीत येत होता, तोटीतून पंपाकडे जात होता, आणि तोटीच्या तिसऱ्या तोंडातून हातभर रबरी नळी निघून हवेतच लोंबत होती. औषधाच्या बाटलीत बुडवायची नळी. तोटीची मूठ त्या नळीकडे वळवलेली होती. म्हणजे बिचारा पंप काल दुपारपासून त्या नळीतून बाकाखालची हवा ओढत होता, आणि शेजारी पंच्याहत्तर लिटर पाणी भरून बसलं होतं. काम नीटस होतं. पट्ट्या सरळ, पाइपाची टोकं काटकोनात कापलेली. इतकं काटकोनात एकच माणूस कापतो.

तोटीवरून गळून पडलेली एक कागदी चिकटपट्टी जमिनीवर पडली होती. व्हर्लिनने ती उचलली. शाळेच्या फळ्यावर सूचना लिहिल्यासारखी चौकोनी अक्षरं:

मार्लिस — वसंतात ही मूठ टाकीकडे फिरवा. आ.

त्याने ते दोनदा वाचलं. त्याच्या कॅम्परमध्ये, त्याच्या बाकाखाली, परक्या पुरुषाच्या अक्षरात त्याच्या बायकोचं नाव. ‘व्हर्लिन’ नाही. ‘ट्वाइट’ही नाही.

मार्लिस धुतलेल्या बशा घेऊन आली तेव्हा तो सगळ्या पसाऱ्याच्या मधोमध बसला होता. पट्टी बोटाला चिकटलेली होती.

“सापडलं वाटतं,” ती म्हणाली.

“हे केव्हाचं?”

“ऑक्टोबरातलं. तुझ्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं ना. तू आत कोचावर गोळ्या घेऊन घोरत होतास आणि बाहेर पाणी गोठायला लागलं होतं. कॅम्पर अंगणात तसाच उभा, पाइपात पाणी.”

“मी विचारलं होतं तुला, कॅम्परचं काय. तू म्हणालीस, झालंय.”

“झालंच होतं की.”

“मला वाटलं तू दुकानात नेऊन करून घेतलंस.”

“तुला वाटलं. मी तसं म्हटलं नव्हतं.” तिने टब टेबलावर ठेवला. “आर्विड घरी आले होते भांडं परत द्यायला. पाहिलं त्यांनी कॅम्परकडे, आणि विचारलं, करू का म्हणून. ती तोटी पण त्यांच्याकडचीच, जुनी पडलेली. म्हणाले, दरवर्षी टाकीत औषध ओतण्यापेक्षा हे सोपं.”

“मी बावीस वर्षं टाकीत ओततो.”

“तेही म्हणाले ते. की चव राहते पाण्याला.”

व्हर्लिनने चवीचा मुद्दा सोडून दिला. “आणि दोन दिवस मी तारा तपासतोय, तो बघतोय, आणि बोलत नाही!”

“कसे बोलतील? मीच म्हटलं होतं त्यांना, व्हर्लिनला सांगू नका, हिवाळाभर तोंड फुगवून बसेल. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास. मग त्यांना बाक उघडून ‘अरे, ही तोटी कुठून आली’ असं सोंग करावं लागलं असतं. त्यांना सोंगं जमत नाहीत.”

“त्याला काय जमतं आणि काय जमत नाही हे तुला बरं माहीत.”

“आख्ख्या तळ्याला माहीत आहे. आणि मी काय तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते? डावा कोपरा, डावा कोपरा, कालपासून किती वेळा म्हटलं?”

व्हर्लिन बोटावरच्या पट्टीकडे पाहत होता. एक प्रश्न त्याच्या मनात कुठूनतरी वर येत होता आणि तो येऊ नये असं त्याला वाटत होतं.

“किती वेळा विचारलं त्याने?”

“काय?”

“ऑक्टोबरात. करू का म्हणून. किती वेळा?”

मार्लिसने एक बशी उचलली. ती आधीच कोरडी होती. ती पुसायला लागली.

“मार्लिस.”

“एकदा.”

“आणि तू?”

“मी हो म्हटलं.”

तळ्यावर कुणाची तरी होडी धक्क्याला लागल्याचा आवाज आला. पंप घुरघुरत होता.

“पहिल्याच वेळी?”

“थंडी पडत होती, व्हर्लिन. पाइप तिसऱ्या प्रश्नापर्यंत थांबले नसते.”

“मी तुला तीनदा विचारलं होतं,” तो म्हणाला. “लग्नाचं. एकदा जत्रेत. एकदा तुझ्या वडिलांच्या गोठ्यात. तिसऱ्यांदा पुढच्या जत्रेत. मधे बारा महिने गेले.”

“मग? हो म्हटलंच ना शेवटी?”

“बारा महिने, मार्लिस.”

“अरे, ती लग्नाची गोष्ट होती. हे पाइप आहेत.”

“त्याच्या हातात काय होतं? विचारलं तेव्हा?”

“काय असणार? एका हातात भांडं. दुसऱ्या हातात पाना.” तिने बशी ठेवली आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. “तू मूठ फिरवतोस की मी फिरवू? का आर्विडना बोलावू? एकदाच विचारते.”

त्याने मूठ फिरवली. पंपाचा आवाज बदलला, जड झाला, सिंकमधला नळ दोनदा खोकला, गुलाबी थुंकला, मग फिका गुलाबी, मग स्वच्छ. मार्लिसने नळ बंद केला. घुर्र, आणि बंद. दोन दिवसांत पहिल्यांदा चौदा नंबरवर शांतता झाली. त्या शांततेत व्हर्लिनला अपेक्षा होती तसं काही वाटलं नाही.

“जा, त्यांना सांगून ये पाणी आलं म्हणून,” मार्लिस म्हणाली. काचेचं भांडं तिने आधीच भरून ठेवलं होतं. “आणि नीट बोल.”

आर्विड आपल्या टेबलाशी बसून गळाचा गुंता सोडवत होता. व्हर्लिनला पाहून उभा राहिला. कान लाल झाले होते. कान म्हणजे गोऱ्या माणसाची पाटी असते. व्हर्लिनने एकतीस वर्षं कानांवरूनच निम्मे निकाल लावले होते.

“आलं का पाणी?”

“आलं.”

“पंप थांबतो?”

“थांबतो.”

“छान.” आर्विडने गुंत्याकडे पाहिलं. “काय झालं होतं?”

चिकटपट्टी व्हर्लिनच्या सदऱ्याच्या खिशात होती. “वॉशर,” तो म्हणाला.

“असतं तसं कधी कधी,” आर्विड म्हणाला. कान आणखी लाल झाले. मार्लिसचं बरोबर होतं. याला सोंग जमत नव्हतं, आणि हे तिला माहीत होतं याचा राग व्हर्लिनला नव्याने आला. त्याने भांडं टेबलावर ठेवलं.

“कॉफी घेणार?” आर्विडने विचारलं. रीत म्हणून.

व्हर्लिनने तोंड उघडलं. ‘नको, आत्ताच घेतली’ हे शब्द साठ वर्षांच्या सवयीने जिभेवर येऊन बसले होते.

“हो,” तो म्हणाला.

आर्विड जागच्या जागी थांबला. त्याने किटलीकडे पाहिलं. किटली रिकामी होती, उलटी घालून वाळत ठेवलेली. स्टोव्ह गार होता. पहिल्या प्रश्नाला कोण कॉफी तयार ठेवतो? त्याला आत जाऊन पाणी भरावं लागलं, घुर्र आणि बंद, मग काडेपेटी शोधावी लागली, मग कॉफीचा डबा. पाणी उकळायला चौदा मिनिटं लागली. चौदा मिनिटं दोघे किटलीकडे पाहत बसले. शुक्रवारपासून व्हर्लिनचा पहिला सुखाचा काळ हाच. मनात त्याने आर्विडच्या नावापुढे एक लाल फुली मारली: तयारीशिवाय विचारणे.

पहिला घोट घेताना ते त्याच्या लक्षात आलं.

ऑक्टोबरात हा पाना घेऊन आला होता. भांडं परत द्यायला येणारा माणूस बरोबर पाना का आणेल? आज विचारताना किटली उपडी होती. तेव्हा विचारताना पाना हातात होता. म्हणजे तेव्हा पहिल्याच वेळी हो येणार, हे याला आधीच ठाऊक होतं.

कॉफी चांगली होती. त्याचाही त्याला राग आला.

“आणखी थोडी?” आर्विड म्हणाला.

“नको.”

“घ्या हो. किटली भरलेली आहे.”

“नको, खरंच.”

आर्विडने किटली उचलली. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. आता सगळं पुन्हा रीतसर चाललं होतं, आणि सकाळपासून अडकलेला तिसरा प्रश्न त्याला निदान कॉफीसाठी तरी विचारता येत होता. “अर्धा कप. माझ्यासाठी.”

व्हर्लिनने त्याच्याकडे सरळ पाहिलं.

“नको,” तो म्हणाला.

तिसऱ्यांदा नको. बेंट पाइन तळ्याकाठी असं कुणी म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. आर्विडच्या हातातली किटली कपावर तशीच तिरकी राहिली. व्हर्लिन उठला, आभार मानले, वारा पुन्हा फिरल्याचं सांगितलं आणि निघाला. त्याची चाल परीक्षा संपवून गाडीतून उतरणाऱ्या अधिकाऱ्याची होती.

मार्लिस नळाखाली सफरचंद धूत होती. घुर्र, आणि बंद.

“दिली कॉफी?”

“दिली.”

“किती घेतलीस?”

“एक कप.”

“एकच?” तिने वर पाहिलं. तिला कळलं. तीही इथलीच होती. “अरे देवा, व्हर्लिन. त्या माणसाने काय केलंय तुझं?”

व्हर्लिनने गवतातली पाटी उचलून पुसली.

“आणि भांडं कुठे आहे?” मार्लिसने विचारलं.

भांडं पंधरा नंबरच्या टेबलावर होतं, भरलेलं, तळाला ‘ट्वाइट’ची पट्टी असलेलं. म्हणजे ते आता परत येणार होतं. मोकळं येणार नव्हतं.

व्हर्लिनने खुर्ची उचलली, पंधरा नंबरच्या दिशेने तोंड करून ठेवली, आणि भांड्याबरोबर दुसऱ्या हातात काय येतं ते टिपायला पाटी मांडीवर घेऊन बसला.